चौदा मजले, वीस किलोमीटर

खोलीतले सगळे त्याला कुकर म्हणायचे. पाठीमागेच, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सहा जणांच्या त्या खोलीत चहात साखर जास्त पडली की तो भडकायचा, कमी पडली की भडकायचा, आणि नेमकी पडली तर इतके दिवस हे का जमलं नाही म्हणून भडकायचा. परदेशात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. धंद्यानं लिफ्ट मेकॅनिक. चौदा मजली ऑफिसच्या इमारतीतल्या तीन लिफ्ट त्याच्याकडे होत्या. त्या तिन्ही लिफ्ट त्याला घाबरून सरळ चालतात, असं तिथला वॉचमन सांगायचा.

पण त्या दिवशी तो चिडला होता तसा खोलीतल्यांनीही त्याला पाहिला नव्हता. सकाळी बूट घालताना नाडी तुटली, तर त्यानं तो बूटच भिंतीवर फेकला. मग तोच उचलून, उरलेल्या नाडीची गाठ मारून, कुणाशी एक शब्द न बोलता कामावर निघून गेला.

सुरुवात आदल्या संध्याकाळी झाली होती. जगभरच्या मैदानी खेळांची मोठी स्पर्धा चालू होती आणि खोलीत सगळे टीव्हीसमोर बसले होते. बातम्यांत उद्याच्या शर्यती दाखवत होते. त्यात चालण्याची शर्यत आली. धावायची नाही हं, चालायची, वीस किलोमीटर. बायका कोपरातून हात मोडून, कंबर हलवत झपाझप चालताहेत असं दाखवलं, आणि खोलीतला जाड्या ड्रायव्हर उठला. त्यानं टॉवेल कमरेला बांधला आणि गॅसच्या शेगडीपासून दारापर्यंत तशीच चाल करून दाखवली. सगळे हसून हसून लोळले. कुकरनं उठून टीव्हीची वायर भिंतीतून उपटली.

"अरे, काय झालं काय तुला?" जाड्या म्हणाला. "तुझी कोण लागते ती?"

लागत होती ना! त्या चालणाऱ्या बायकांत आपल्या देशाची जी एक होती ती त्याची मुलगी होती. पोटची, एकुलती एक. आणि हे तो कुणाला सांगू शकत नव्हता, कारण तिच्या छातीवरच्या कागदावर त्याचं आडनाव नव्हतं. तिच्या मामाचं होतं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता, आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

सगळं म्हणजे काय, ते ऐका. मुलगी पंधराची असताना हा सुट्टीवर घरी गेला होता. एका सकाळी दूध आणायला निघाला. कालव्याच्या रस्त्यावर दुकानाशी चार माणसं कशाला तरी हसत होती. कोणीतरी पोरगी कोपरं मोडून, कंबर हलवत, तुरुतुरु चालत येत होती. बघून तोही हसला. मोठ्यानं हसला. पोरगी जवळ आली तेव्हा कळलं की आपलीच आहे.

मग कुकरची शिट्टी झाली. त्या चार माणसांसमोर तिला म्हणाला, "भर रस्त्यात कंबर मुरडत चालतेस, लाज नाही वाटत?" तिनं सांगायचा प्रयत्न केला, की हा खेळ आहे, शाळेतले सर शिकवतात, जिल्ह्यात पहिली आलेय. यानं काही ऐकून घेतलं नाही. घरी आणून तिचे बूट काढून घेतले. नुसते काढून घेऊन थांबला नाही. सुट्टी संपल्यावर ते बूट स्वतःच्या बॅगेत भरले आणि विमानात बसून निघून आला! बूट नाहीत तर चालेल कशी, असा साधा सरळ हिशेब. मेकॅनिकचा हिशेब, फ्यूज काढून खिशात घातला की मशीन बंद.

मशीन बंद झालं नाही. मुलगी मामाकडे राहायला गेली, मागोमाग तिची आईही. मामानं नवे बूट घेतले. आणि अठरा पूर्ण झाली त्या दिवशी तिनं रीतसर अर्ज करून आडनाव बदलून घेतलं. बायको दर रविवारी फोनवर बोलायची, हा विचारायचा, "आहे का ती?" बायको म्हणायची, "सरावाला गेलीय." सहा वर्षं ती सरावालाच गेलेली होती. मधे दोनदा तो घरी जाऊन आला, तेव्हाही ती शिबिरात होती.

तर आता शर्यत. दुपारी साडेअकराला सुरू होणार होती. यानं फोरमनकडे अर्धी रजा मागितली. फोरमननं विचारलं, "कशाला?" हा म्हणाला, "टीव्ही बघायचाय." "कसली मॅच?" "चालण्याची शर्यत." फोरमन खुर्चीतच मागे रेलला. "चालण्याची? अरे, चालते तर माझी आजीपण!" एक वाक्य बोलला असता, माझी मुलगी आहे त्यात, तर फोरमननं अख्खा दिवस दिला असता, वर पाठ थोपटली असती. त्यानं ते वाक्य गिळलं आणि दार आपटून बाहेर आला.

मग त्यानं स्वतःची सोय स्वतः केली. गच्चीवर लिफ्टची मशीनरूम होती. तीन मोटरी, तारांचे दोर, भिंतीवर स्विचचं मोठं कपाट. तिथं फोनला रेंज अजिबात यायची नाही. म्हणून त्यानं कोणीतरी टाकून दिलेला छोटा टीव्ही आणला, बाहेरच्या डिशवरून वायर ओढली, आणि घाईघाईत दोन नंबरच्या लिफ्टच्या मेन स्विचवरून त्याला करंट दिला. त्याच्या हाताखालच्या कुणी तसं केलं असतं तर यानं त्याला गच्चीवरून खाली फेकला असता. लिफ्टच्या मेनवरून दुसरं काही जोडायचं नाही, ही त्या धंद्यातली पहिली गोष्ट. पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

शर्यत सुरू झाली. एक किलोमीटरचा रस्ता, त्याच्या वीस फेऱ्या. टीव्हीवाले मेले मधेच भालाफेक दाखवायचे, मधेच जाहिराती, मधेच दोन माणसं कोट घालून गप्पा मारताना. "अरे, तुमच्या गप्पा घरी मारा ना!" कुकर ओरडला. पण दिसत होती ती. केस घट्ट बांधलेले, हनुवटी पुढे काढलेली. बाराव्या फेरीला नववी, पंधराव्या फेरीला सहावी, सतराव्या फेरीला चौथी. चौथी! जगात! तो उठून उभा राहिला आणि त्याच्याही नकळत त्याची कोपरं मोडली गेली.

या शर्यतीचे नियम त्याला पाठ झाले होते. सहा वर्षं चोरून हेच तर बघत होता. एक पाऊल कायम जमिनीला लागलेलं हवं. दोन्ही सुटली असं पंचाला वाटलं की फळ्यावर तुमच्या नंबरासमोर एक लाल खूण. तीन खुणा झाल्या की दोन मिनिटं रस्त्याकडेच्या कुंपणात गप उभं राहायचं. चौथी झाली की घरी.

तिच्या नंबरासमोर दोन होत्या. अठराव्या फेरीत तिसरी पडली.

"कुठं? कुठं सुटला पाय?" त्यानं टीव्हीच्या टपावर थाप मारली. पुन्हा दाखवलं, हळू करून दाखवलं. मजल्याच्या लादीशी लिफ्टची लादी नखाएवढीही वरखाली झाली तर ओळखणारा हा माणूस. त्यानं डोळ्यांनी पाहिलं, मागचा अंगठा सुटायच्या आधी पुढची टाच टेकलेली होती. "टेकलीय की! आंधळा आहेस का रे भाड्या? टेकलीय!"

मुलगी कुंपणात उभी राहिली. बाकीच्या तिच्यासमोरून जात होत्या, पाचवी, सहावी, सातवी. ती रडत नव्हती. नाकपुड्या फुगलेल्या, हातांच्या मुठी वळलेल्या. आणि बरोबर त्याच वेळी भिंतीवरची घंटा वाजली. दोन नंबरच्या लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलं होतं.

त्यानं इंटरकॉम उचलला. एरवी त्याची एक ठरलेली रीत होती. पाना हातात घ्यायच्या आधी आतल्या माणसाशी बोलायचं. घाबरू नका, मी आलोय, सुटेपर्यंत मी इथून हलत नाही. एवढा तापट माणूस, पण अडकलेल्या माणसावर तो कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "कोण आहे? काय आहे?"

"अरे, मी आहे, मी! आठ आणि नऊच्या मधे लटकलेय," आतून आवाज आला.

सफाईवाली मावशी! आपल्याकडचीच, साठीची, इमारतीतल्या सगळ्यांची मावशी. आणि कुकरची दोन वर्षांची डोकेदुखी. बादली मालाच्या लिफ्टनं न्यायची, माणसांच्या नाही, हे तो तिला शंभरदा ओरडून सांगत आला होता. बादली हिंदकळली की पाणी दाराच्या खाचेत जातं, लिफ्टला वाटतं दार उघडं आहे, आणि ती जागच्या जागी थांबते.

"बादली आहे ना बरोबर?" तो म्हणाला.

"छोटीच आहे."

"मावशी, आज मी तुमचा..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं. "थांबा दहा मिनिटं. काही होत नाही."

"थांबते बाबा. पण जरा गुदमरल्यासारखं होतंय. पंखा बंद पडलाय इथला."

आता काय करणार? टीव्हीवर मुलीची दोन मिनिटं संपत आली होती. एक शिवी हासडून त्यानं दोन नंबरचा मेन खाली ओढला. मेन बंद केल्याशिवाय हातानं लिफ्ट हलवायची नाही, हा नियम.

टीव्ही काळा झाला.

अर्धं मिनिट तो त्या काळ्या काचेकडे बघत उभा राहिला. मग आपण काय करून ठेवलंय ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं जो आवाज काढला तो इंटरकॉममधून खाली मावशीनं ऐकला.

"काय रे? शॉक लागला का?"

"शर्यत गेली माझी! तुमच्या त्या बादलीपायी! शेवटच्या दोन फेऱ्या!"

"कसली शर्यत?"

"चालण्याची! बायकांची!"

"एवढंच ना? थांब, फोनवर लावते. नवव्या मजल्याचं वायफाय येतं मला."

"त्याचा पासवर्ड तुम्हाला कुठून मिळाला?"

"फळ्यावर लिहितात. फळा कोण पुसतं?"

कुकर ब्रेकचा दांडा एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं मोटरचं चाक फिरवायला लागला. असं चाक फिरवून लिफ्ट बोट बोट खाली येते. घाम निघतो माणसाचा. इंटरकॉम त्यानं खुंटीवर आवाज मोठा करून टांगला होता.

"लागलं," मावशी म्हणाली. "अगं बाई! ह्या सगळ्या एवढ्या घाईनं कुठं निघाल्यात? बस सुटल्यासारख्या?"

"आपली बघा! आपली कितवी आहे?"

"आपली... थांब, नाव येतंय खाली." मावशीनं अक्षर अक्षर लावायला सुरुवात केली.

"आडनाव वाचू नका!"

"का रे?"

"वाचू नका सांगितलं ना! कितवी आहे तेवढं सांगा!"

"सतरावी लिहिलंय. तुला एवढं काय पडलंय तिचं?"

चाकावरचा त्याचा हात तापला होता. सहा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं त्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, ओरडून, शिव्या देत, लिफ्टमध्ये कोंडलेल्या बाईला सांगितलं. मुलगी आहे माझी. पाय टेकलेला होता. कालव्यावर मीच हसलो होतो. चार जणांसमोर बोललो. बूट घेऊन आलो. ते इथंच आहेत, या कपाटात, कागद कोंबून ठेवलेत. आडनाव बदललं तिनं.

मग मावशी भडकली.

"पोरीचे बूट पळवलेस? अरे मेल्या, चोरसुद्धा जोडी मोठ्या माणसाची बघून उचलतो! मी इथं कोंडलेली आहे म्हणून, नाहीतर कानाखाली काढली असती तुझ्या!"

"काढा नंतर! आधी कितवी ते सांगा!"

"पंधरावी. ओरडू नकोस. चौदावी झाली. बाई गं, काय चालतेय ती! दात बघ कसे आवळलेत!"

"पाय? पंच काय करतोय?"

"एक टोपीवाला वाकून वाकून तिच्या पायांकडे बघतोय मेला. बघ, बघ, डोळे फुटतील! तेरावी. अरे, बारावी!"

लिफ्ट आठव्या मजल्याच्या रेषेवर आली. दोरावर त्यानं पांढऱ्या रंगाची खूण केलेली होती, ती जुळली. आता खाली जायचं, किल्लीनं दार उघडायचं, मावशीला बाहेर काढायचं. पण खाली गेला तर इंटरकॉम सुटणार.

"मावशी, लागली लिफ्ट मजल्याला. येतो मी."

"खबरदार खाली आलास तर! उभा राहा तिथंच. मी बसलेय बादली पालथी घालून. शेवटची फेरी आहे." आणि मग तिनं एकदम किंकाळी फोडली. "अकरावी! गेली रे रेषेच्या पलीकडे! अकरावी आली!"

चौथी येणारी अकरावी आली म्हणून रागानं, की चौथी खूण न होता पोचली म्हणून आनंदानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण कुकरनं टोपी काढून जमिनीवर आपटली आणि तिच्यावर पाय दिला.

"थांब, बोलतेय ती," मावशी म्हणाली. "आपल्याकडची कोणीतरी माईक घेऊन गेलीय. ऐक." तिनं फोन इंटरकॉमच्या जाळीला लावला.

आधी खरखर. मग बातमीवाल्या बाईचा आवाज: त्या कुंपणात दोन मिनिटं उभं राहताना मनात काय होतं?

आणि मग ती. सहा वर्षांनी. आवाज जाड झाला होता, धाप लागलेली होती.

"काही नव्हतं. राग होता. पाय टेकलेला होता माझा." मधे तिनं श्वास घेतला. "असा राग आला की मला थांबवता येत नाही. बाबांचा आहे तो. आडनाव बदलून मिळालं मला, राग नाही मिळाला बदलून."

"बाबा बघत होते का?" बातमीवालीनं विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघत असतील तर आत्ता कुणाला तरी शिव्या देत असतील."

कुकरनं खाली जाऊन दार उघडलं तेव्हा मावशी बादलीवर बसलेली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "बादली मालाच्या लिफ्टनं न्यायची!" तो ओरडला. "किती वेळा सांगायचं? काय, लिहून देऊ भिंतीवर?" आवाज चिरकला, पण ओरडला तो पूर्ण. मावशीनं कानाखाली मारली नाही. बादली उचलली, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "जा, आधी रेंज असेल तिथं जाऊन उभा राहा."

जिन्यात उभं राहून त्यानं मेसेज लिहिला. नंबर त्याच्याकडे होता. बायकोनं कधीच दिला होता. आजवर त्या नंबरावर त्यानं कितीतरी मोठमोठं लिहून पुसलं होतं, माफीचं, समजुतीचं. त्या दिवशी एकच ओळ लिहिली. तिसरी खूण चुकीची होती. टाच टेकलेली होती, मी पाहिलंय.

साडेतीनला तो तळमजल्यावर गुडघ्यांवर बसून दाराच्या खाचेतलं पाणी मावशीच्याच फडक्यानं टिपत होता, तेव्हा फोन वाजला.

"कुठल्या पायाची?" ती म्हणाली. ना हॅलो, ना काही.

"उजव्या. त्या आंधळ्याला एवढंही दिसलं नाही!"

"मी तेच म्हणत होते! सर म्हणाले, पंचांना बोलायचं नाही."

"सरांना काय कळतंय! तक्रार करायची. लेखी करायची!"

"केलीय."

"मग?"

"फेटाळली त्यांनी."

"कोण आहे तो फेटाळणारा? नाव सांग त्याचं!"

आणि बापलेक दोघं मिळून त्या पंचावर तुटून पडले. टोपीवरून बोलले, डोळ्यांवरून बोलले, त्याला पंच केला कुणी यावरून बोलले. लॉबीतली माणसं वळून बघायला लागली तसा तो जिन्याकडे वळला आणि बोलत बोलत वर चढायला लागला. लिफ्टमध्ये त्याचा फोन कटला असता. अकरा वर्षांत त्या इमारतीचा जिना तो कधी पुरा चढला नव्हता.

सहाव्या मजल्यावर ती म्हणाली, "धाप कसली लागलीय तुम्हाला?"

"जिना चढतोय."

"लिफ्ट बंद आहे?"

"चालू आहे."

पायऱ्यांवर त्याचे बूट वाजत होते, एकाच्या नाडीला सकाळची गाठ. नवव्याच्या आसपास तिनं विचारलं, "माझे बूट कुठायत?"

"आहेत."

"फेकले नाहीत?"

"फेकायला काय झालं? कागद घालून ठेवलेत. आकार नको जायला."

"सहा वर्षं?" तिचा आवाज चढला. "सहा वर्षं कागद घालत बसलात, आणि एक फोन करता येत नव्हता? मी अनवाणी चालत होते महिनाभर, बाबा! त्या कालव्यावर! खडी होती!"

आता तो राग त्याच्यावरच होता. तो चढत राहिला आणि ऐकत राहिला. बाराव्या मजल्यापर्यंत ती बोलत होती. चौदाव्यापर्यंत बोलत होती. गच्चीच्या दाराशी रेंज जाईल म्हणून तो शेवटच्या पायरीवर थांबला.

"हो," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती तशाच चिडक्या आवाजात म्हणाली, "आणि ते बूट आता मला होत नाहीत. ते चार नंबरचे आहेत. मला साडेसहा लागतो."

फोन ठेवला तिनं.

मशीनरूममध्ये जाऊन त्यानं आधी टीव्हीची वायर दोन नंबरच्या मेनवरून काढली. मग कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून तो खडूनं लिहून ठेवायचा, दोर कधी बदलले, तेल कधी घातलं. बूट होते तिथंच होते. त्यांच्या वर, तारखांच्या खाली, त्यानं खडू दाबून लिहिलं: साडेसहा.